अंधाऱ्या चतुर्दशीचा बाजार

महाराष्ट्रातल्या मोठ्या यात्रांच्या तिथी मांडून पाहिल्या, तर त्यातल्या पुष्कळशा शुद्ध पक्षात येतात. पंढरपूरच्या आषाढी-कार्तिकी एकादश्या, जोतिबाची चैत्री पौर्णिमा, मांढरदेवची पौषी पौर्णिमा. बैलगाडीने किंवा पायी निघालेल्या माणसाला रात्रीच्या वाटेवर चांदण्याचा आधार असे. परळी वैजनाथची मोठी यात्रा मात्र महाशिवरात्रीची, म्हणजे माघ वद्य चतुर्दशीची. रात्र जवळजवळ अवसेची. परळीच्या बाजाराची कुळी शोधायची, तर या काळोखापासूनच सुरुवात करावी लागते.

शिवरात्रीची पूजा रात्रीच्या चार प्रहरांची, आणि त्यातही महत्त्व मध्यरात्रीला. दर्शन उरकून अंधारात गावाकडे निघण्यापेक्षा देवळाच्या आसऱ्याला जागर केलेला बरा. दिवसाची यात्रा माणसाला संध्याकाळी घरी धाडते, जागराची यात्रा त्याला मुक्कामाला ठेवते. मुक्काम आला की पाणी, फराळ, उजेड, करमणूक सगळेच लागते. आजही यात्रा म्हटली की पाळणे, खेळण्यांची पाले, शेव-रेवडीचे ढीग आणि बांगड्यांचे कासार आलेच. ही सारी मंडळी देवाच्या निमित्ताने येत असली, तरी त्यांचे पोट चालते ते थांबलेल्या माणसावर.

माघ महिनाही या बाजाराच्या पथ्यावर पडणारा. तूर घरात आलेली असते, कापसाची वेचणी सरत आलेली असते, रब्बीची ज्वारी आणि हरभरा काढणीला टेकलेला असतो. वर्षभरात कुणब्याच्या हातात चार पैसे खुळखुळतात ते याच सुमारास. पुढे महिनाभरात गुढीपाडवा. सालगड्याचे साल पाडव्याला बदलते, शेतीचा नवा हिशेब तिथूनच सुरू होतो आणि पाठोपाठ लगीनसराई येते. दोरखंड, घोंगडी, भांडीकुंडी अशा खरेदीला शिवरात्र नेमकी वेळेवर येते. छापील कॅलेंडर घराघरांत नव्हते तेव्हा दूरच्या व्यापाऱ्याला आणि वाडीवरच्या शेतकऱ्याला सारखीच ठाऊक असलेली तारीख म्हणजे तिथी. बाजाराची वेगळी दवंडी पिटावी लागत नसे.

जागाही तशीच मोक्याची. दक्षिणेला बालाघाटचे डोंगर, उत्तरेला गोदावरीची गंगथडी. माळावरचा आणि काळ्या रानातला, दोन्हीकडचा माणूस इथे उतरतो. देऊळ टेकडीच्या उतारावर, रुंद दगडी पायऱ्यांचे. अठराव्या शतकात त्याचा जीर्णोद्धार केला तो अहिल्याबाई होळकरांनी. कारभार माळव्यातून पाहायचा आणि देवळे-घाट मात्र हिंदुस्थानभर बांधायचे, ही त्यांची रीत परळीलाही लाभली. नंतर रेल्वे आली. एक फाटा परभणीकडे, दुसरा उदगीर-बीदरवरून विकाराबादकडे गेला आणि मराठवाड्याच्या यात्रेला कर्नाटक-तेलंगणची वाट मिळाली.

वैजनाथाला बारा ज्योतिर्लिंगांत मान आहे. झारखंडचे देवघर आणि हिमाचलचे बैजनाथही तोच मान सांगतात. परळीकर मात्र समुद्रमंथनाची कथा सांगतात. अमृत आणि धन्वंतरी या लिंगात दडवले, दानवांनी हात लावताच ज्वाळा निघाल्या आणि भक्तांनी लावला तेव्हा अमृत पाझरले. म्हणून इथे स्पर्शदर्शनाची मुभा. देवाला हात लावायचा म्हणजे रांग हळू सरकणार, आणि रांग जितकी हळू, तितका यात्रेकरूचा मुक्काम लांबणार.

आता फराळाचे ताट जवळून पाहू. भगर आपली जुनी. शिवरात्रीला हटकून आठवणारे कवठही इथलेच. बाकी रताळी, शेंगदाणे, बटाटा, हिरवी मिरची ही सगळी अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या काळात आलेली. ज्या टॅपिओका कंदापासून साबुदाणा होतो तोही तिकडचाच. म्हणजे उपासाच्या ताटातले निम्म्याहून अधिक जिन्नस देवळाच्या मानाने कालचे पाहुणे. तरी उपास मोडला नाही, कारण बंदी धान्याला होती, नवेपणाला नव्हती.

यात्रेतले चित्रप्रदर्शनही असेच बदलत आले. देवघरात पूर्वी धातूचे टाक असत. राजा रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, त्यानंतर रंगीत देव स्वस्त झाले. कलादालनाची पायरी न चढलेल्या माणसाने लक्ष्मी-सरस्वती पाहिल्या त्या यात्रेतल्या तसबिरींच्या दुकानात. तिथे चित्र नुसते पाहायचे नसते, घासाघीस करून काखोटीला मारून घरी न्यायचे असते.

उजेडाची पिढी तर दोनदा बदलली. मशाली-टेंभ्यांनंतर गॅसबत्त्या आल्या, त्यांच्यामागून वीज. 1971 साली परळीतच औष्णिक वीज केंद्राचा पहिला, 30 मेगावॅटचा संच सुरू झाला आणि अंधाऱ्या चतुर्दशीचे गाव महाराष्ट्राला उजेड पुरवू लागले. 2015 च्या दुष्काळात पाण्याअभावी हेच केंद्र बंद ठेवावे लागले. विजेचे गणितही शेवटी पावसावर येऊन ठेपते, हे मराठवाड्याला कुणी शिकवायला नको.

परळी पाहायला निघणाऱ्याने तीन मुहूर्त ध्यानात ठेवावेत. गर्दी आणि बाजार हवा तर महाशिवरात्र. नुसते दर्शन आणि ओला डोंगर हवा तर श्रावणी सोमवार. आपला श्रावण अमावास्येनंतर लागतो आणि उत्तरेचा पंधरवडा आधी, त्यामुळे देवघरची यात्रा निम्मी होते तेव्हा परळीची सुरू होते. तिसरी तिथी वैकुंठ चतुर्दशी, कार्तिक शुद्धातली, लख्ख चांदण्याची. त्या दिवशी वैजनाथाला तुळस आणि विष्णूला बेल वाहतात. शैव-वैष्णवांचा समेट मांडणारी ही तिथी भक्तीच्या दृष्टीने मोलाची. पण गावोगावची पाले परळीला खेचून आणणारी तिथी माघातलीच. देवमाहात्म्य दोन्हीकडे सारखेच, हातात पैसा मात्र माघात असतो आणि मुक्कामही त्याच रात्री पडतो.