आपल्याकडे कुठं बर्फ पडतो?

माझे मामा सातारा–पुणे भाडी मारतात. गाडी जुनी, पेट्रोलवरची. गेल्या वर्षी तिचं ॲव्हरेज १६ वरून १४ वर आलं. मामांनी आधी पेट्रोलमध्ये भेसळ असेल म्हणून पंप बदलला. मग प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, टायरमधली हवा तपासली. फरक शून्य. महिन्याला २४०० किलोमीटर धावणाऱ्या गाडीत हा फरक २१ लिटरचा होतो. शंभरीपार गेलेल्या भावाने दोन हजारांच्या वर. त्यात धाकट्याच्या क्लासची फी निघते.

कारण सापडलं ते असं. काही महिन्यांपूर्वी गाडी घाटात तापली, तेव्हा एका गॅरेजमध्ये मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढूनच टाकला होता. "मामा, तो थंड देशातल्या गाड्यांना लागतो. आपल्याकडे कुठं बर्फ पडतो?"

हे वाक्य तुम्हीही कुठल्यातरी गॅरेजमध्ये ऐकलं असेल. त्याच्यावर हसण्याआधी थोडा इतिहास बघू, कारण मोटारीच्या सुरुवातीच्या काळात जवळपास सगळं जग असाच विचार करत होतं.

तेव्हा मोटारवाल्यांना भीती एकच होती, उष्णतेची. इंजिनात पेट्रोल जळतं, त्या उष्णतेचा एक भागच चाकांपर्यंत पोचतो. उरलेली बाहेर काढली नाही तर धातू फुगतो, पिस्टन अडकतो. म्हणून इंजिनाभोवती पाणी खेळवायचं आणि ते रेडिएटरमध्ये गार करायचं. १९०८ ते १९२७ या काळात फोर्डच्या 'मॉडेल टी'च्या दीड कोटी गाड्या बनल्या. अगदी सुरुवातीच्या गाड्या सोडल्या तर तिच्यात पाण्याचा पंपसुद्धा नव्हता. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढे, रेडिएटरमध्ये गार होऊन खाली येई. पाणी तापल्याशिवाय ते फिरतच नसे, त्यामुळे ही साधी व्यवस्था स्वतःला थोडंफार सांभाळून घेई. तरी हिवाळ्यात लोक रेडिएटरपुढे पुठ्ठा लावत, घोंगडी बांधत.

पंप आला आणि गणित बदललं. पंप इंजिनाच्या वेगाने फिरतो. पाणी तापलंय की नाही, हे त्याला कळत नाही. सकाळी गार इंजिन सुरू केलं तरी तो पाणी रेडिएटरकडे ढकलतच राहतो. म्हणजे चूल पेटवायची आणि लगेच तिच्यावर पंखा सोडायचा. कोणीतरी मध्ये उभं राहून "थांब, अजून तापू दे" म्हणणं गरजेचं झालं. १९१४ साली कॅडिलॅकने आणलेल्या व्ही-८ गाडीत हे काम थर्मोस्टॅटकडे होतं.

त्याच सुमारास हॅरिसन बॉइस नावाच्या माणसाचा 'मोटोमीटर' अमेरिकेत लोकप्रिय झाला. हा रेडिएटरच्या झाकणावर बसवलेला तापमापक, चालकाला बसल्या जागेवरून दिसणारा. गाडी उकळायच्या आधी कळावं, हा त्याचा मुख्य उपयोग. लक्ष अजूनही तापण्यावरच होतं.

थंडपणाचं नुकसान लक्षात आलं ते १९२० च्या दशकात. गाड्या झपाट्याने वाढल्या, पेट्रोल पुरेना, म्हणून त्यात सहज वाफ न होणारे जड घटक जास्त येऊ लागले. पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही, आधी त्याची वाफ व्हावी लागते. सिलिंडरच्या गार भिंतींवर हे पेट्रोल थेंबाथेंबाने चिकटे आणि पिस्टनच्या कडेने ओघळून खालच्या ऑइलमध्ये मिसळे. ऑइल न ओतताही त्याची पातळी वाढलेली दिसे. वाढलेलं असे ते पेट्रोल, आणि पातळ झालेलं ऑइल बेअरिंगं खाई. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने तेलकंपन्या आणि मोटार उद्योगासोबत या प्रश्नावर प्रयोग केले.

पुढच्या दशकात ब्रिटनमधल्या इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाईल इंजिनिअर्सच्या संशोधनातून आणखी एक गोष्ट पुढे आली. सिलिंडर झिजतात ते फक्त घासल्याने नाही. इंजिन गार असलं की जळण्यातून तयार झालेली पाण्याची वाफ भिंतीवर जमते, तिच्यात आम्लं उतरतात आणि धातू गंजतो. म्हणजे गार चालणारं इंजिन पेट्रोलही जास्त पितं आणि आतून झिजतंही.

सुरुवातीचे थर्मोस्टॅट म्हणजे पितळेची, भात्यासारखी घडीची बंद डबी. आत लवकर उकळणारा द्रव. तो तापला की डबी ताणली जाऊन झडप उघडे. पुढे रेडिएटर दाबाखाली चालू लागले, तेव्हा बाहेरचा दाब या डबीला नीट उघडू देईना. उपाय निघाला मेणाचा. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट यांनी मेणावर चालणारा थर्मोस्टॅट विकसित केला. ठरावीक तापमानाला मेण वितळतं, वितळताना फुगतं आणि दांडा ढकलून झडप उघडतं. गार झालं की स्प्रिंग झडप मिटवते. वीज नाही, वायर नाही. आजही बहुतेक गाड्यांत हेच मेण आहे.

मग आपल्याकडे तो काढून का टाकतात? जुन्या फिएट आणि ॲम्बॅसिडरच्या काळात खंडाळ्याच्या किंवा खंबाटकीच्या घाटात बोनेट उघडून, कॅन घेऊन उभी असलेली माणसं घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांना आठवतील. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला की गाडी दहा मिनिटांत उकळते. सगळ्यांना दिसतं, गिऱ्हाईक मिस्त्रीला शिव्या घालतं. थर्मोस्टॅट काढला की मात्र गाडी गुपचूप चालते. नुकसान महिनाभर पंपावर थोडं थोडं होतं आणि त्याचा दोष कोणी मिस्त्रीला देत नाही. शिवाय बर्फाचा मुद्दा इथे लागूच होत नाही. इंजिनाला हवं असतं ८५-९० अंश. साताऱ्याच्या ३५ अंशांच्या दुपारीसुद्धा बाहेरची हवा त्याच्यासाठी गारच. आणि काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्यावर पाण्याची आडवाट उघडी राहते. थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत येतं आणि चढावर गाडी उलट तापते.

नव्या गाड्यांत तोटा आणखी वाढतो. कूलंटचा सेन्सर गाडीतल्या कॉम्प्युटरला "इंजिन अजून गार आहे" सांगत राहतो, आणि तो जुन्या चोकसारखं जास्त पेट्रोल सोडत राहतो.

मामांच्या गाडीचा शोध आम्ही असा घेतला. सकाळी गार गाडी सुरू केली आणि रेडिएटरच्या वरच्या पाईपला, पंख्यापासून हात लांब ठेवून, अधूनमधून स्पर्श केला. थर्मोस्टॅट नीट असेल तर हा पाईप काही मिनिटं गार राहतो आणि मग एकदम गरम होतो. आमचा पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला. मग ओबीडीचा छोटा ब्लूटूथ रीडर लावून मोबाईलवर आकडा पाहिला. रात्रभर उभ्या गाडीत कूलंट आणि बाहेरची हवा यांचं तापमान सारखं दाखवत होता, म्हणजे सेन्सर खोटं बोलत नव्हता. हायवेला लागल्यावर मात्र आकडा ६५ च्या वर जाईना. अशा वेळी काही गाड्या पी-०१२८ हा कोडही दाखवतात. पंखा सतत फिरत नाही ना, तेही पाहिलं. शेवटी गार इंजिनावर थर्मोस्टॅटचं घर उघडलं. आत काहीच नव्हतं.

नवा थर्मोस्टॅट काही शे रुपयांना मिळाला. बसवण्याआधी मामांनी तो दोऱ्याला बांधून मामीच्या पातेल्यात सोडला, शेजारी तापमापक धरला. ८२ अंशांच्या आसपास झडप सावकाश उघडली. गॅस बंद केल्यावर मिटली. मामांनी ते तीनदा करून पाहिलं. मामी म्हणाली, "आता हे पातेलं चहाला वापरायचं नाही."

दोन टाक्यांनंतर ॲव्हरेज पुन्हा सोळाच्या जवळ आलं. मामा त्या गॅरेजमध्ये भांडायला गेले नाहीत. जाताना थर्मोस्टॅटचं रिकामं खोकं मात्र सोबत घेऊन गेले, मिस्त्रीला पातेल्यातली गोष्ट सांगायला.