सोने गेले, भुसा राहिला

ईस्टर हा युरोपात वसंताचा सण. हिवाळा सरतो, झाडांना पालवी फुटते आणि मरणावर जीवनाने मिळविलेल्या विजयाची कथा निसर्गच सांगू लागतो. ब्राझीलमध्ये ऋतुचक्र उलटे. तेथे हा सण शरदात येतो. पोर्तुगीजांनी तेथे धर्म नेला, पंचांगही नेले; वसंत तेवढा जहाजात भरता आला नाही! मग या सणाला तेथे बहर आणला कोणी? मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर, कादंबऱ्या लिहिणारा. राजांच्या याद्यांपेक्षा रस्त्यावरची माणसे मला अधिक ओढून घेतात. म्हणून या प्रश्नाचे उत्तर मी ओरो प्रेतो या डोंगरी गावाच्या रस्त्यांवर शोधतो.

सतराव्या शतकाच्या अखेरीस मिनास जेराइसच्या डोंगरांत सोने सापडले. १७११ मध्ये तेथे 'विला रिका', म्हणजे 'श्रीमंत गाव', स्थापन झाले. १८२३ मध्ये त्याचे नाव ओरो प्रेतो, 'काळे सोने', असे झाले. सोन्याचा पाचवा हिस्सा राजाचा. खणणारे हात मात्र आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे. सोने चोरवाटेने जाईल या धास्तीने पोर्तुगीज दरबाराने धर्मसंघांना या मुलखात मठ बांधू दिले नाहीत. त्यामुळे देवळे बांधणे, मिरवणुका काढणे, मेलेल्यांना मूठमाती देणे ही सारी कामे गृहस्थांच्या बंधुसंघांवर आली. गोव्यातील ख्रिस्ती समाजात ज्यांना कोन्फ्रारिया म्हणतात, त्याच जातीच्या या संस्था. दोन्ही देशांत त्या पोर्तुगीजांबरोबरच आल्या.

पण येथेही पंक्तिप्रपंच होताच. गोऱ्यांचा संघ वेगळा, मिश्र रक्ताच्यांचा वेगळा, काळ्यांचा वेगळा. पोर्तुगीज बाप आणि गुलाम आई यांचा मुलगा असलेला थोर शिल्पकार अलेजाडिन्यो हा मिश्र रक्ताच्यांच्या संत जोसेफ संघाचा सभासद होता. काळ्यांचा संघ रोझरी मातेचा. गुलामाला स्वतःच्या देहावर हक्क नव्हता. पण या संघात तो 'बंधू' होता. मेल्यावर त्याला खांदा देणारे कोणी होते, क्वचित स्वातंत्र्य विकत घेण्यास चार पैशांचा आधारही होता.

आता १७३३ च्या मे महिन्यातील एक मिरवणूक पाहा. ती ईस्टरची नव्हे. पिलार येथील मुख्य चर्चचे काम चालू असताना पवित्र प्रसाद रोझरीच्या देवळात, काळ्यांच्या देवळात, ठेवलेला होता. नवे चर्च तयार होताच तो थाटामाटाने तेथे नेण्यात आला. या सोहळ्याचे वर्णन १७३४ मध्ये लिस्बनला छापले गेले, आणि त्याची अर्पणपत्रिका रोझरीच्या काळ्या बंधूंच्या नावाने आहे! ज्यांची नावे खाणमालकाच्या हिशेबात मालमत्ता म्हणून लिहिली जात, त्यांनी छापील ग्रंथात आपल्या संघाचे नाव घातले. ब्राझीलमधील गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ मध्ये. दीडशे वर्षांहून अधिक काळानंतर.

ओरो प्रेतोचे लोक आपल्या ईस्टरच्या गालिच्यांचे मूळ याच मिरवणुकीत सांगतात. पवित्र सप्ताहात घंटा मुक्या होतात आणि लाकडी खटखटे वाजतात. गुड फ्रायडेला ख्रिस्ताला क्रुसावरून उतरविण्याचा विधी होतो. आणि शनिवारची रात्र उजाडेपर्यंत जागते. रंगविलेला लाकडाचा भुसा, कॉफीचा चोथा, फुले यांनी चढउतारांच्या दगडी रस्त्यावर चित्रे भरली जातात. आपल्या रांगोळीशी याचे नाते नाही, पण वाकलेल्या पाठी तशाच. सुमारे शंभर किलोमीटरांवरील बेलो होरिझोंतेहून आणि त्याहूनही दुरून प्रवासी येतात. पुष्कळजण नुसते बघ्ये राहत नाहीत; मूठभर भुसा घेऊन गावकऱ्यांच्या शेजारी गुडघे टेकतात. रविवारी सकाळी मिरवणूक त्यावरून जाते आणि रात्रभराची मेहनत पायांखाली विसकटून जाते. त्याचे कोणाला दुःख नसते. ती केलेलीच असते त्यासाठी.

खाणी आटल्या. १८९७ मध्ये राजधानीही बेलो होरिझोंतेला गेली. १९८० मध्ये युनेस्कोने गावाला जागतिक वारशात स्थान दिले ते त्याच्या देवळांमुळे, घरांमुळे. तो मान रास्तच. परंतु देवळांतला सोन्याचा मुलामा एकदा चढला तो चढला. भुशाचा गालिचा दर वर्षी नव्याने घालावा लागतो, आणि तो घालताना शेजारी कोण बसला आहे, गोऱ्यांच्या संघाचा की काळ्यांच्या, हे आता कोणी विचारीत नाही. वसंत नसलेल्या त्या सणाला बहर येतो तो येथून.