वातचलित शिल्पे

वाऱ्याच्या प्रेरणेने ज्यांचे भाग हलतात, झुलतात वा फिरतात, अशा गतिशील शिल्पांचा एक प्रकार. वातकुक्कुट हे त्याचे जुने रूप होय. तथापि गती हाच शिल्पाचा मुख्य आशय मानण्याची कल्पना विसाव्या शतकातील आहे.

नाउम गाबो या रशियन शिल्पकाराने १९१९–२० मध्ये विद्युत् चलित्राने कंप पावणारी सळई शिल्प म्हणून मांडली. परंतु चलित्राची गती ठराविक आवर्तनात अडकते. ही मर्यादा अलेक्झांडर कॉल्डर (१८९८–१९७६) या अमेरिकन शिल्पकाराने ओलांडली. तो यंत्र अभियांत्रिकीचा पदवीधर होता. त्याच्या चलित्रयुक्त शिल्पांना मार्सेल द्युशाँने १९३१ मध्ये ‘मोबाइल’ हे नाव दिले. पुढे कॉल्डरने चलित्रे बहुतांशी सोडली व तारांना जोडलेले धातूचे पत्रे हवेत टांगले. प्रत्येक तारेचा आधारबिंदू तरफेच्या तत्त्वानुसार ठरत असल्याने हलक्या झुळकेनेही रचना बदलते. १९५५ मध्ये अहमदाबाद येथे साराभाई कुटुंबाकडे राहून त्याने काही शिल्पे घडविली.

जॉर्ज रिकी (१९०७–२००२) याने गतीच्या नियमनावर भर दिला. त्याची पोलादी पाती तराजूच्या दांडीप्रमाणे धारदार टेकूंवर तोललेली असतात. गुरुत्वमध्य टेकूच्या किंचितच खाली राहील असे प्रतिभार दिल्याने त्यांचे आंदोलन संथ होते. त्याचे *टू लाइन्स टेम्पोरल १* (१९६४, उंची सु. १०·७ मी.) हे शिल्प न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे.

नेदर्लंड्सचा टेओ यान्सेन (१९४८– ) याने डेल्फ्ट येथे भौतिकीचा अभ्यास केला होता. १९९० पासून त्याने विजेच्या तारांसाठी वापरल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्यांचे ‘स्ट्रांडबीस्ट’ (पुळणीवरील प्राणी) तयार केले. वाऱ्याने फिरणारा भुजादंड त्यांचे अनेक पाय चालवितो. पायातील नळ्यांच्या लांबींची प्रमाणे त्याने संगणकाच्या साहाय्याने निवडली; त्यामुळे चालताना धडाची उंची जवळजवळ स्थिर राहते. काही ‘प्राणी’ रिकाम्या बाटल्यांत संपीडित हवा साठवितात व वारा पडल्यावर तिच्या बळावर चालतात.

पवनचक्कीत वाऱ्याच्या ऊर्जेपासून काम मिळविणे हा हेतू असतो. या शिल्पांत ती गतीचे दर्शन घडविण्यापुरतीच खर्ची पडते. संग्रहालयाच्या निवात दालनात ती स्तब्ध होतात, तर उघड्यावर त्यांचे सांधे व टेकू झिजतात. झिजलेला भाग बदलल्यास मूळ कृतीत फरक पडतो; न बदलल्यास गती थांबते व शिल्पाचा आशयच लोपतो. गती कशी टिकवावी, हा त्यामुळे त्यांच्या जतनातील मुख्य प्रश्न ठरला आहे.