ग्रँट डफ
जेम्स ग्रँट डफ (१७८९–१८५८) : मूळ स्कॉटलंडमधील बॅन्फचा. कोवळ्या वयात ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या फौजेत आला. १८०८मध्ये गुजरातमधील मालियाच्या गढीवरील हल्ल्यात लढला. पुढे पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याचा सहायक झाला आणि १८२२पर्यंत साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबारी कंपनीचा प्रतिनिधी राहिला. तिथेच त्याने दप्तरे, बखरी, घराण्यांचे कागद चिकाटीने मिळवले. त्यांच्या आधारे लिहिलेला मराठ्यांचा त्रिखंडात्मक इतिहास १८२६मध्ये लंडनला निघाला. मराठ्यांच्या उदयाला त्याने सह्याद्रीतल्या वणव्याची उपमा दिली. ‘अवचित पेटले’ असा तिचा रोख. न्यायमूर्ती रानड्यांनी १९००मध्ये तो खोडून काढला, हे योग्यच झाले. स्वराज्यामागची प्रेरणा डफला उमगली नाही. मोहिमांच्या वर्णनात मात्र शिपायाची नजर दिसते. तेवढ्यासाठी अभ्यासकाने मूळ ग्रंथ वाचावाच.