उभी राहणारी माती

१९३९च्या फेब्रुवारीत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमधल्या येनानला पोहोचले, तेव्हा त्या गावात धड उभ्या इमारती फारशा उरल्या नव्हत्या. जेमतेम तीन महिन्यांपूर्वी जपानी विमानांनी तिथे बॉम्ब टाकायला सुरुवात केली होती. तरीही दवाखाने चालू होते, कचेऱ्या चालू होत्या, वर्ग भरत होते. सगळं डोंगराच्या पोटात. पिवळ्या कड्यांमध्ये ओळीनं खोदलेल्या, कमानदार तोंडाच्या खोल्या. साधा शेतकरी तसल्याच खोलीत राहायचा आणि माओ त्से तुंगही.

सोलापूरकडच्या माणसाला मातीचं घर नवं नाही. माळवदावर माती, भिंतीला माती, आणि गावोगावच्या गढ्या तर पांढऱ्या मातीच्याच. पण तीसचाळीस फूट उंच उभ्या कड्यात बोगद्यासारखी खोली खोदायची, तिला खांब नाही, तुळई नाही, आणि तिच्यात पिढ्यान् पिढ्या झोपायचं? आपल्या काळ्या मातीत हे करून बघा. उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा, पावसाळ्यात फुगलेला चिखल. पाऊस दोन्हीकडे साधारण सारखाच तुटपुंजा, पण मातीचा स्वभाव पार वेगळा. चीनच्या इतिहासातल्या बऱ्याच गोष्टी या स्वभावातून निघतात, म्हणून आधी तो समजून घेऊ.

शाळेच्या भूगोलात ‘वाऱ्याचे कार्य’ नावाचा धडा असतो. त्यात शेवटी कुठेतरी ‘लोएस’ हा शब्द येतो आणि एका मार्कात संपतो. मंगोलियाकडच्या वाळवंटांतून वाऱ्यानं उडालेली धूळ पंचवीस लाखांहून जास्त वर्षं दक्षिणेला येऊन बसत राहिली. तिचं पठार झालं. क्षेत्रफळ साधारण सहा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे दोन महाराष्ट्र मावतील एवढं. मातीची जाडी बऱ्याच ठिकाणी शंभर मीटरच्या पुढे. ही धूळ वाऱ्यानं आणली, हे पटवून दिलं फर्डिनांड फॉन रिश्टहोफेन या जर्मन भूगोलतज्ज्ञानं. १८६८ ते १८७२ या काळात तो चीनभर फिरला. त्याआधी हा जुन्या तळ्यांमधला गाळ असावा असं मानलं जायचं. ‘सिल्क रोड’ हे नाव रूढ झालं तेही याच माणसामुळे, पण आता ते कुणाच्या लक्षात नसतं.

वारा चाळणीसारखा असतो. जाड वाळू मागे राहते, अगदी बारीक चिकणमाती फार लांब उडून जाते, आणि मधल्या आकाराचे कण, ज्याला आपण पोयटा म्हणतो, ते इथे पडतात. एकसारखे कण, सैल बसलेले, मध्ये भरपूर पोकळ्या. त्यांना धरून ठेवायला थोडी चिकणमाती आणि थोडा चुना. गवताच्या मुळांनी सोडलेल्या उभ्या नळ्या आत असतात, त्यामुळे ही माती उभी चिरते आणि उभीच राहते. कुदळीनं लोण्यासारखी कापली जाते, पण कापलेली भिंत ढासळत नाही.

कोरडी असेपर्यंत.

पाणी लागलं की कणांमधला चिकटपणा सुटतो, पोकळ्या मिटतात आणि माती स्वतःच्याच वजनानं खाली बसते. एकीकडे विटेसारखी, दुसरीकडे पाण्यात टाकलेल्या साखरेसारखी.

या मातीनं आधी दिलं ते पोट भरायला. नांगर नसताना, काठीनं उकरूनसुद्धा पेरता येईल अशी ती भुसभुशीत. सहा-सात हजार वर्षांपूर्वीच इथले लोक राळा पिकवत होते. पण हे पठार सपाट नाही. स्थानिक लोक त्याचे तीन आकार सांगतात: माथ्यावरचं सपाट टेबल म्हणजे युआन, लांबट धार म्हणजे ल्यांग आणि गोल टेकाड म्हणजे माओ. (या माओचा चेअरमन माओंशी संबंध नाही, अक्षर वेगळं.) पाण्यानं युआन चिरत गेलं की ल्यांग उरतं, ल्यांग तुटलं की माओ उरतं. जमिनीच्या झिजेची अवस्था सांगायला गावकऱ्यांकडे तयार शब्द आहेत, यावरून ती झीज किती रोजची असेल ते कळतं.

पाऊस वर्षाला तीनशे ते सहाशे मिलिमीटर, त्यातला बराचसा जुलै ते सप्टेंबरमध्ये, आणि तोही रिमझिम नव्हे, झोडपणारा. उतारावर गवत असेल तर निभावतं. लोकसंख्या वाढली, उतार नांगरले गेले, सरपणासाठी झुडपं गेली. मग पहिल्याच थेंबांनी ढेकळं विरघळतात, वरचा थर लिंपल्यासारखा बंद होतो, पाणी मुरायचं सोडून पळतं. ओघळीची घळ होते, घळीच्या उभ्या भिंतीचा पाया कुरतडला जातो आणि भिंत अख्खी कोसळते.

ही सगळी माती जाते ह्वांग हो नदीत. तिचं नाव ‘पिवळी नदी’ उगाच नाही. या नदीच्या दहा मापं पाण्यात सहा मापं गाळ असतो, असं हान राजवटीतल्या एका अधिकाऱ्यानं दोन हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची सरासरी होती वर्षाला १६० कोटी टन गाळ. मैदानात उतरल्यावर नदी संथ होते, गाळ टाकते, तळ वर येतो. लोक बांध उंच करतात, तळ आणखी वर येतो. शेवटी नदी आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंचावरून वाहते. सोळाव्या शतकात फान चीशुन या मिंग अधिकाऱ्यानं उलटा विचार केला: नदीला पसरू देऊ नका, बांधांनी तिला अरुंद करा, म्हणजे वेग वाढेल आणि ती आपला गाळ आपणच वाहून नेईल. कल्पना अफलातून होती, पण वरून येणारी माती ती कमी करू शकत नव्हती. १८५५ मध्ये नदीनं बांध फोडून मुखच बदललं. जून १९३८ मध्ये जपान्यांना अडवायला च्यांग कै-शेकच्या सैन्यानं बांध मुद्दाम फोडला. त्यात आपलेच लाखो लोक मेले. तीन महिन्यांनी, १ सप्टेंबरला, कोटणिसांचं वैद्यकीय पथक मुंबईहून निघालं.

या मातीनं घेतलेले बळी मात्र फक्त पुराचे नाहीत. २३ जानेवारी १५५६च्या रात्री शान्शी प्रांतात भूकंप झाला. थंडीचे दिवस, माणसं गुहांमध्ये झोपलेली. जी घरं हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात गार म्हणून नावाजलेली, ती एका झटक्यात बंद झाली. मृतांचा नोंदलेला आकडा ८ लाख ३० हजार आहे. माणसाच्या इतिहासातला हा सर्वात जीवघेणा भूकंप समजला जातो. त्यातून वाचलेल्या छिन कदा या विद्वानानं पुढच्या पिढ्यांसाठी सल्ला लिहून ठेवला: धक्का बसताच बाहेर पळू नका, जागीच वाकून बसा. लोक पुन्हा गुहांमध्येच राहायला गेले. यात मूर्खपणा काढू नये. लाकूड महाग होतं, दगड लांब होता आणि कुदळ हाताशी होती.

आता सानमनशिया. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते.

१९५५ मध्ये चीनच्या संसदेनं पिवळ्या नदीची भव्य योजना मंजूर केली. सोव्हिएत इंजिनिअरांच्या आराखड्यानुसार सानमनशियाला मोठं धरण बांधायचं. नदी निवळशंखच होणार, असं स्वप्न. चीनमध्ये जुनी म्हण आहे की पिवळी नदी निवळली की थोर राजा अवतरतो. नव्या सत्तेला हे चित्र आवडलं नसतं तरच नवल. हिशोबात एक गृहीतक दडलेलं होतं: उतारांवर मृदसंधारण होईल आणि काही वर्षांतच गाळ निम्म्यावर येईल.

छिंगह्वा विद्यापीठातले प्राध्यापक ह्वांग वानली यांनी १९५७च्या बैठकीत याला विरोध केला. नदीचं काम माती वाहून नेणं हेच आहे, ती अडवलीत तर वरचा भाग बुडेल, असं त्यांचं म्हणणं. कुणी ऐकेना, तेव्हा त्यांनी एवढंच मागितलं की बांधकामासाठी तळाशी ठेवलेली भोकं तरी बुजवू नका, पुढेमागे गाळ काढायला लागतील. भोकं काँक्रीटनं बुजवली गेली. ह्वांग यांच्यावर ‘उजवे’ असा शिक्का बसला आणि पुढची कित्येक वर्षं ते शिकवू शकले नाहीत.

सप्टेंबर १९६०ला पाणी अडवायला सुरुवात झाली. दीड वर्षात सुमारे १५० कोटी टन गाळ धरणात बसला. वर तुंगक्वानजवळ नदीचा तळ साडेचार मीटर उचलला गेला, वेई नदी तुंबली आणि थेट शियान शहराला पुराचा धोका निर्माण झाला. अडीच लाखांहून जास्त माणसं उठवून मिळवलेलं धरण १९६२ मध्ये जवळपास रिकामं ठेवायची पाळी आली. नंतर डोंगरातून नवे बोगदे खोदले, आणि सत्तरच्या दशकात तळाची तीच भोकं पुन्हा फोडून उघडली.

आपल्याकडे पाणलोटाच्या कामात ‘माथा ते पायथा’ म्हणतात. इथे पायथ्यापासून सुरुवात झाली होती आणि माथा कागदावर होता. माथ्यावर उलट नवे उतार नांगरले जात होते, कारण हुकूम धान्य वाढवायचा होता. ताचाय गावानं उतारांच्या पायऱ्या केल्या, म्हणून १९६४ पासून देशभर त्याचा कित्ता गिरवायला लावला, जिथे शोभत नाही तिथेही.

उतार खरे सावरले ते १९९० नंतर. पायऱ्या, घळींमध्ये माती अडवणारे हजारो बांध, शेळ्यामेंढ्यांना चराईबंदी. १९९९ पासून तीव्र उतारावरची शेती सोडणाऱ्याला सरकार धान्य आणि पैसे देऊ लागलं. नदीतला गाळ आता जुन्या सरासरीच्या पाचव्या भागाहूनही खाली आलाय. उपग्रहाच्या जुन्या-नव्या फोटोंत पिवळ्याचं हिरवं झालेलं दिसतं, आणि ते व्हायरलही होतात. फोटोत न दिसणारी गोष्ट जमिनीखाली आहे. लावलेली झाडं, विशेषतः बाहेरून आणलेल्या जाती, एवढ्याशा पावसात खोलवरचं पाणी ओढून घेतात आणि काही मीटर खाली मातीचा सुकलेला थर तयार होतो. तिथलं मूळचं गवत कमी देखणं, पण कमी तहानेचं.

येनानमध्ये गुहा आता पर्यटकांसाठी उरल्यात. गावाला जागा पुरेना म्हणून २०१२ पासून टेकड्यांचे माथे कापून घळी भरायला सुरुवात झाली आणि त्या सपाटीवर नवं शहर उभं राहू लागलं. भराव अर्थातच त्याच पिवळ्या मातीचा. २०१३च्या जुलैत येनान भागात विक्रमी पाऊस पडला, दरडी कोसळल्या, अनेक जुन्या गुहा खचल्या. पुढच्याच वर्षी काही चिनी शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की टेकड्या कापून जमीन करण्याची ही कामं पुरेशा अभ्यासाशिवाय चालली आहेत. बांधकाम मात्र थांबलं नाही.