चार दिवसांचें छप्पर

‘घर पहावें बांधून’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्याच्यापाशीं निदान बांधण्यापुरती जागा आणि गांठीला चार पैसे असले पाहिजेत. ज्याच्याजवळ यांपैकीं कांहींच नाहीं, परंतु जो रोज सकाळीं कामावर जातो, त्यानें काय करावें? दुसऱ्या महायुद्धानंतरच्या फ्रान्सपुढें हा प्रश्न उभा होता. त्यास तेथील कांहीं निर्धन माणसांनीं स्वतःच्या हातांनीं जें उत्तर दिलें, त्याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

त्या देशांत घरांची टंचाई एकाएकीं उद्भवलेली नव्हती. पहिल्या महायुद्धापासून घरभाड्यांवर निर्बंध होते. त्यामुळें भाड्यानें देण्यासाठीं घरें बांधणें मालकांस परवडेनासें झालें. दुसऱ्या युद्धानें उभीं असलेलीं घरेंहि पाडलीं. पुढें पुनर्रचनेच्या योजनेंत कोळसा, पोलाद, वीज आणि आगगाड्या यांस पहिला मान मिळाला व घरें मागें राहिलीं. परिणाम असा झाला कीं, कारखान्यांत राबणारीं, मजुरी मिळविणारीं कुटुंबें तंबूंत, तळघरांत, मोडक्या मोटारगाड्यांत राहूं लागलीं. हे भिकारी नव्हते. त्यांच्या हातांस काम होतें, डोक्यावर मात्र छप्पर नव्हतें.

आंरी ग्रूए, ज्यांस जग आबे पियेर ह्या नांवानें ओळखतें, हे त्या वेळीं फ्रेंच लोकसभेचे सभासद असलेले एक कॅथलिक धर्मोपदेशक होते. पॅरिसजवळच्या नइली-प्लेझांस येथें त्यांनीं एक पडकें घर घेतलें होतें. 1949 सालीं तुरुंगांतून सुटलेला आणि जीव देऊं पाहणारा एक मनुष्य त्यांच्याकडे आला. त्यास त्यांनीं उपदेश केला नाहीं, पैसेहि दिले नाहींत. देण्यासारखें आपल्याजवळ कांहीं नाहीं, परंतु घरें बांधावयास मदत हवी आहे, एवढेंच सांगितलें. ‘एमाऊस’ ह्या संस्थेचा आरंभ येथें झाला. ज्यास मदत हवी, त्याच्याकडेच मदत मागावयाची, हें तिचें मूलसूत्र होय. 1951 मध्यें सभासदत्व गेलें व वेतन थांबलें. तेव्हां हे सहकारी चिंध्या, भंगार आणि टाकलेलें सामान गोळा करून विकूं लागले व त्या पैशांतून बेघर कुटुंबांसाठीं निवारे उभारूं लागले. परवानग्यांची वाट पाहत ते बसत नसत.

1954 सालच्या जानेवारीच्या आरंभीं तातडीच्या वसाहतींसाठीं पैसा द्यावा ही सूचना संसदेंत फेटाळली गेली, आणि त्याच सुमारास एका जुन्या बसगाडीत राहणाऱ्या कुटुंबाचें तान्हें मूल थंडीनें गेलें. गृहनिर्माणमंत्री मोरिस लमेर त्याच्या अंत्ययात्रेस उपस्थित राहिले. पुढें 1 फेब्रुवारीस आबे पियेर यांनीं रेडिओवरून आवाहन केलें. आदल्या रात्रीं पॅरिसच्या रस्त्यावर एक स्त्री गोठून मेली असून घर खालीं करण्याचा हुकूम तिच्या हातांत होता, हें त्यांनीं लोकांस ऐकविलें. मग पांघरुणें, शेगड्या आणि पैसे यांचा पूर लोटला. थोड्याच दिवसांत संसदेनें 12,000 तातडीच्या घरांसाठीं 10 अब्ज फ्रँक मंजूर केले. जें चिंध्या वेचणारे करीत होते, तें आतां सरकार करूं लागलें.

येथें कथा संपविली तर ती गोड होईल, परंतु इतिहास होणार नाहीं. घाईनें बांधलेल्या त्या वसाहतींपैकीं कित्येक थोड्याच वर्षांत नव्या झोपडपट्ट्या बनल्या. न्वाझी-ल-ग्रां येथें संस्थेनेंच उभारलेलीं, अर्धगोल छपरांचीं अडीचशेंच्या सुमारास खोपटीं एका हिंवाळ्यापुरतीं होतीं. त्यांतलीं शेवटचीं 1970 नंतर हललीं. 1956 मध्यें तेथें आलेले जोझेफ व्रेसिन्स्की यांनीं फुकट अन्नवाटप बंद करून ग्रंथालय आणि बालवाडी काढली. भुकेइतकाच अपमानहि माणसास खातो, हें स्वतः दारिद्र्यांत वाढलेल्या त्या गृहस्थांनीं ओळखलें होतें. झां प्रूव्हे यांनीं त्याच वर्षीं कांहीं तासांत उभें राहणारें सुबक घर सिद्ध केलें. पण तें नियमांत न बसल्यामुळें नमुन्यापलीकडे गेलें नाहीं.

मुंबईच्या संक्रमण शिबिरांत ज्यांची दुसरी पिढी वाढली, त्यांस ही हकीकत परकी वाटणार नाहीं. तात्पुरतें घर बांधणें हा दोष नव्हे. मरणाऱ्यास आज छप्पर हवें असतें. दोष आहे तो तात्पुरत्याची मुदत न ठरविण्यांत. स्वयंसेवकाचें काम रात्र निभावण्याचें. उजाडल्यावरचें घर देणें समाजाचें व राज्याचें. पहिल्यानें आपलें काम केलें म्हणून दुसरा निश्चिंत झाला, कीं छपराचा पिंजरा होतो.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आबे पियेर 2007 सालीं निवर्तले. 2024 मध्यें एमाऊस संस्थेनेंच, त्यांनीं केलेल्या लैंगिक अत्याचारांविषयीं स्त्रियांनीं दिलेल्या साक्षी प्रसिद्ध केल्या, आणि त्यांच्या नांवें चालणाऱ्या प्रतिष्ठानानें तें नांव टाकलें. ज्या थोर पुरुषाभोंवतीं आपण कथा गुंफतों, त्याच्या छायेंत कोणाचें तोंड बांधलें गेलें, हें विचारण्याचें कर्तव्य इतिहासकारानें टाळूं नये. मूर्ति भंगली म्हणून बांधलेल्या भिंती खोट्या ठरत नाहींत; त्या ज्यांनीं उभारल्या, ते बहुतेक निनांवीच होते. भंगार वेचून दुसऱ्याच्या मुलावर छप्पर घालणाऱ्या त्या माणसांपैकीं पुष्कळांस स्वतःचें घर नव्हतें. आमच्या मतें ह्या इतिहासांतील मानाचें पान त्यांचें आहे.