यकृत प्रत्यारोपण झालेली बालके आणि करोना

चिपळूण : यकृताचे प्रत्यारोपण झालेल्या बालकांची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम कमी ठेवलेली असते. त्यामुळे २०२० मध्ये करोनाची साथ सुरू झाली, तेव्हा ही बालके सर्वाधिक धोक्यात येतील अशी भीती पालकांना व डॉक्टरांनाही वाटत होती. पुढील काळात जमा झालेल्या अनुभवाने ही भीती बऱ्याच अंशी निराधार ठरवली. बहुतेक बालकांना सौम्य आजार झाला. मात्र औषधे थांबणे, तपासण्या चुकणे आणि ऐकीव उपचार करणे हे धोके विषाणूइतकेच, किंबहुना काही वेळा अधिक गंभीर असल्याचे याच काळात स्पष्ट झाले. प्रत्यारोपण केंद्रापासून दूर राहणाऱ्या कोकणातील कुटुंबांसाठी ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

प्रत्यारोपणाची वेळ का येते?

बालकांमध्ये यकृत प्रत्यारोपणाचे सर्वांत मोठे कारण म्हणजे ‘बिलिअरी अ‍ॅट्रेसिया’ हा जन्मजात आजार. यात यकृतातील पित्त आतड्यापर्यंत नेणाऱ्या नलिका बंद किंवा नष्ट झालेल्या असतात. साचलेल्या पित्तामुळे काही महिन्यांतच यकृत निकामी होऊ लागते. जन्मानंतर दोन आठवडे उलटूनही कावीळ कायम राहणे आणि शौचाचा रंग पांढुरका असणे ही त्याची लक्षणे होत. जपानचे शल्यविशारद मोरिओ कसाई यांनी १९५० च्या दशकात विकसित केलेली शस्त्रक्रिया साधारण पहिल्या ६० दिवसांत झाल्यास तिचा उपयोग होण्याची शक्यता अधिक असते. ती वेळ टळली किंवा शस्त्रक्रिया यशस्वी झाली नाही, तर प्रत्यारोपणाचाच मार्ग उरतो.

जगातील पहिले मानवी यकृत प्रत्यारोपण डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे केले, तेही याच आजाराच्या तीन वर्षांच्या बालकावर. तो प्रयत्न अयशस्वी ठरला. भारतात बालकावरील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात झाले. वीस महिन्यांच्या त्या मुलाला वडिलांच्या यकृताचा भाग देण्यात आला होता. हा मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. आपल्याकडे बालकांच्या बाबतीत बहुधा आई किंवा वडीलच दाते असतात. दात्याच्या यकृताच्या डाव्या बाजूचा लहानसा भाग बालकाला पुरतो व दात्याचे यकृत काही महिन्यांत पुन्हा वाढते.

जन्मभराची औषधे

बसवलेले यकृत शरीराला परके वाटते आणि प्रतिकारशक्ती त्यावर हल्ला करते. यालाच डॉक्टर ‘रिजेक्शन’ म्हणतात. ते टाळण्यासाठी टॅक्रोलिमस हे मुख्य औषध सहसा दर १२ तासांनी द्यावे लागते. गरजेनुसार स्टेरॉइड किंवा मायकोफेनोलेट यांची जोड दिली जाते. टॅक्रोलिमसची रक्तातील पातळी कमी झाली तर यकृत नाकारले जाण्याचा धोका असतो, तर वाढली तर मूत्रपिंड व मज्जासंस्थेला अपाय होतो. म्हणूनच ठरावीक अंतराने सकाळच्या मात्रेपूर्वी रक्त घेऊन पातळी तपासली जाते.

साथीने काय दाखवले?

पहिला दिलासा इटलीतून मिळाला. २०२० च्या वसंतात युरोपातील साथीचे केंद्र बनलेल्या बर्गामो शहरात बालकांच्या यकृत प्रत्यारोपणाचे मोठे केंद्र आहे. तेथील डॉ. लोरेन्झो डी’अँटिगा यांनी मार्च २०२० मध्येच वैद्यकीय नियतकालिकातून आपले निरीक्षण कळवले. त्यांच्या केंद्राच्या देखरेखीखाली सुमारे २०० प्रत्यारोपित रुग्ण होते. त्यांपैकी काहींच्या चाचण्या सकारात्मक आल्या, तरी कोणालाही फुप्फुसाचा आजार झाला नव्हता. निरीक्षण अल्पकाळाचे होते, तरी भीतीपोटी औषधे बंद करू नयेत, या सल्ल्याला त्यामुळे आधार मिळाला. नंतरच्या आंतरराष्ट्रीय नोंदींमधूनही साधारण असेच चित्र पुढे आले. ताप, खोकला, जुलाब अशी लक्षणे दिसून बहुसंख्य बालके बरी झाली. लठ्ठपणा व त्यासोबत यकृतात चरबी साठण्याचा आजार असलेल्या मुलांत मात्र गुंतागुंत अधिक आढळली.

प्रौढांची स्थिती वेगळी होती. १८ देशांतील १५१ प्रौढ यकृत प्रत्यारोपित रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील १९ टक्के रुग्ण दगावले. मात्र या मृत्यूंचा संबंध प्रत्यारोपणापेक्षा वाढते वय आणि इतर व्याधींशी असल्याचे दिसून आले.

बालके का तरली, याची दोन कारणे सांगितली जातात. लहान मुलांची जन्मजात प्रतिकारयंत्रणा विषाणूला सुरुवातीलाच आवर घालते. शिवाय करोनाच्या गंभीर आजारात बरीच हानी शरीराच्या अतिरेकी प्रतिक्रियेमुळे होते, आणि टॅक्रोलिमससारखी औषधे ती प्रतिक्रिया सौम्य करत असावीत. युरोपातील २४३ प्रौढ रुग्णांच्या अभ्यासात टॅक्रोलिमस घेणाऱ्यांचे जगण्याचे प्रमाण अधिक आढळले. उलट, मायकोफेनोलेटमुळे आजार गंभीर होण्याची शक्यता वाढत असल्याचे स्पेनमधील अभ्यासात दिसले. त्यामुळे संसर्गकाळात कोणते औषध कमी करायचे, याचा निर्णय प्रत्यारोपण केंद्रानेच घ्यायचा असतो.

याचा अर्थ धोका नाही असा मात्र नाही. प्रत्यारोपणानंतरचे पहिले काही महिने औषधांच्या मात्रा मोठ्या असतात आणि कोणताही संसर्ग अवघड ठरू शकतो. न्यूयॉर्कमध्ये २०२० मध्ये एका तान्ह्या बाळाला प्रत्यारोपणानंतर थोड्याच काळात करोना झाला आणि नव्या यकृताला सूज आल्याची नोंद आहे. म्हणूनच साथीच्या काळात शस्त्रक्रियेपूर्वी दाता व बालक या दोघांचीही आरटी-पीसीआर चाचणी केली जाऊ लागली.

‘प्रतिकारशक्तिवर्धक’ उपायांचा धोका

साथीत गुळवेलीचा काढा घरोघरी पोहोचला. मुंबईतील यकृततज्ज्ञ डॉ. आभा नागराळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० च्या अखेरीस पाहिलेल्या, गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला आक्षेप घेतला. हा वाद बाजूला ठेवला, तरी प्रत्यारोपित बालकाच्या बाबतीत प्रतिकारशक्ती वाढवणे हे उद्दिष्टच उपचाराच्या विरुद्ध आहे. चेतवलेली प्रतिकारशक्ती नव्या यकृतावर उलटू शकते.

इतर औषधांबाबतही सावधगिरी आवश्यक आहे. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल तसेच करोनावरील नर्मेट्रेलविर-रिटोनाविर या औषधांमुळे टॅक्रोलिमसची पातळी वाढते. त्यांपैकी रिटोनाविरमुळे होणारी वाढ घातक ठरू शकते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनने पातळी घटते. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके मूत्रपिंडावर ताण आणतात, त्यामुळे तापासाठी वजनानुसार पॅरासिटामॉल हाच सामान्यतः सुरक्षित पर्याय मानला जातो. कोकणात परसदारी मिळणारे पपनसही टॅक्रोलिमसची पातळी वाढवू शकते, म्हणून ते वर्ज्य करावे.

चिपळूणकरांपुढील प्रश्न

चिपळूण तालुक्यात कामथे येथील उपजिल्हा रुग्णालय आणि डेरवण येथील वालावलकर रुग्णालय यांचा आधार आहे. बालकांच्या यकृत प्रत्यारोपणासाठी मात्र मुंबई, ठाणे किंवा पुणे गाठावे लागते. मुंबई सुमारे २५० किलोमीटरवर आहे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत प्रवासी रेल्वे व एसटी बंद झाल्यावर हे अंतर किती मोठे आहे, याची जाणीव झाली.

त्याहून कठीण प्रसंग २२ जुलै २०२१ रोजी आला. वाशिष्ठीच्या महापुराने बाजारपेठ पाण्याखाली गेली, वीज व दूरध्वनी बंद पडले, महामार्ग आणि कोकण रेल्वेची वाहतूक थांबली. शहरातील एका कोविड रुग्णालयात आठ रुग्णांचा मृत्यू झाला. २००५ च्या महापुरानंतर सोळा वर्षांनी आलेल्या या संकटाने एक गोष्ट दाखवून दिली. दर १२ तासांनी औषध लागणाऱ्या बालकाच्या घरी, साथ असो वा पूर, औषधांचा साठा आधीच असला पाहिजे.

पालकांनी घ्यावयाची दक्षता

* प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे स्वतःहून बंद अथवा कमी करू नयेत. किमान महिनाभराचा साठा, विशेषतः पावसाळ्यापूर्वी, घरी उंच व कोरड्या जागी ठेवावा.
* टॅक्रोलिमसची कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये.
* १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आल्यास त्याच दिवशी केंद्राशी संपर्क साधावा. उलटीत औषध पडून गेल्यास पुढील मात्रेबाबत विचारून घ्यावे. जुलाबात टॅक्रोलिमसची पातळी वाढते, त्यामुळे रक्त तपासावे लागते.
* धाप लागणे, प्राणवायूची पातळी ९४ टक्क्यांखाली जाणे, गुंगी येणे, डोळे पिवळे होणे किंवा लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास बालकाला तत्काळ जवळच्या रुग्णालयात न्यावे.
* प्रत्यारोपणाचा सारांश, औषधांच्या मात्रा व केंद्राचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. स्थानिक डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो.
* रक्ताचा नमुना गावात देऊन अहवाल केंद्राला कळवण्याची व्यवस्था शक्य असल्यास करून ठेवावी.

लसीकरण

भारतात १५ ते १८ वयोगटाचे करोना लसीकरण ३ जानेवारी २०२२ पासून, तर १२ ते १४ वयोगटाचे १६ मार्च २०२२ पासून सुरू झाले. त्याहून लहान मुलांसाठी सार्वजनिक मोहीम झाली नाही. प्रत्यारोपित मुलांमध्ये लसीचा प्रतिसाद तुलनेने कमी असल्याने अनेक देशांत त्यांना जादा मात्रा देण्यात आली. बालकाभोवतीच्या मोठ्या माणसांनी लस घेणे हेही त्याच्या संरक्षणाचेच साधन ठरले. गोवर व कांजिण्यांच्या लशींत जिवंत विषाणू असल्याने त्या शक्यतो प्रत्यारोपणापूर्वीच पूर्ण कराव्यात. नंतर त्या केंद्राच्या सल्ल्याशिवाय देऊ नयेत.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र गेलेला नाही. इतर हंगामी तापांप्रमाणे तो या बालकांनाही अधूनमधून गाठणार आहे. अशा वेळी औषधाची वेळ न चुकवणे आणि केंद्राशी संपर्क तुटू न देणे, या दोन गोष्टींवरच नव्या यकृताची सुरक्षितता प्रामुख्याने अवलंबून राहील.